तळघरात पाणी खालून आलं: एका जुन्या बंगल्याचं प्रकरण

2 जुलै 2023, रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, मशीन बंद आहे, सगळे नळ बंद आहेत, तरी बेसमेंटच्या जाळीतून पाणी वर येतंय. आईंना वर आणलंय. आता काय करू?"

"प्लगपॉइंटपर्यंत पोचलंय का?"

"अजून नाही. पण वाढतंय."

"मग आता खाली कुणी उतरू नका. विजेचा बोर्डही खालीच आहे ना? तो बंद करायला म्हणूनसुद्धा पाण्यात पाय घालायचा नाही. वीज कंपनीला फोन करा, बाहेरून तोडून घ्या. आणि वरचा संडास, बेसिन, काही वापरू नका."

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याचं घर शिकागोच्या पश्चिमेला चिकटलेल्या जुन्या उपनगरांपैकी एकात आहे. त्या दिवशी शहरात रस्त्यावरची मोटारशर्यत होती. पावसामुळे तिच्या फेऱ्या कमी कराव्या लागल्या, म्हणून बाहेरच्यांना तो दिवस आठवतो. इथल्या लोकांना तो तळघरांमुळे आठवतो. पश्चिमेकडच्या काही भागांत दिवसभरात 8 इंचांहून जास्त, म्हणजे 200 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडलेला आपण पाहिला आहे, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपल्या चाळीला आणि सोसायटीला तळघर नसतं. इथे जवळपास प्रत्येक जुन्या घराला असतं. दादाच्या तळघरात कपड्यांचं मशीन, एक न्हाणीघर, घर गरम ठेवणारी भट्टी, गरम पाण्याची टाकी, आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आत्याची खोली होती.

मी इमारतींच्या पाणी-सांडपाण्याच्या जोडण्यांचं काम करतो, सुरुवातीची वर्षं मुंबईत आणि नंतर इलिनॉयमध्ये. अशी प्रकरणं बरीच पाहिली. हे सविस्तर लिहितोय कारण या एका घरात दोन वेगवेगळे आजार एकाच जाळीतून बाहेर पडत होते. पहिल्यावर केलेला इलाज दुसऱ्यालाही लागू पडेल असं समजून सगळे निर्धास्त राहिले होते.

एप्रिलमध्ये काय झालं होतं

एप्रिलमधल्या एका कोरड्या दिवशी, आकाशात ढग नसताना, मशीनने पाणी सोडलं आणि फरशीच्या जाळीतून ते परत वर आलं. आपल्याकडचा प्लंबर जिला न्हाणी ट्रॅप म्हणतो तशीच ही जाळी, फक्त तळघराच्या मधोमध. दोन बोटं पाणी साचलं आणि तासाभरात उतरलं. दादाने एका कंपनीला बोलावलं. त्यांच्या माणसाने क्लीनआउटचं, म्हणजे पाइप साफ करायला ठेवलेल्या तोंडाचं, झाकण उघडून फिरती तार आत घातली. तिच्या टोकाला केसांच्या बुचड्यासारखी मुळं गुंडाळून आली. "लाइन साफ झाली" असं सांगून, पैसे घेऊन तो गेला. कॅमेरा घालून आत पाहिलं नाही. दादानेही मागितलं नाही.

त्यामुळे जुलैत पाणी आलं तेव्हा दादाचा पहिला निष्कर्ष ठरलेला होता, त्या कंपनीने काम नीट केलं नाही. कंपनी म्हणाली, हे गावाच्या मुख्य लाइनचं पाणी आहे. गावच्या कचेरीतून उत्तर आलं, घरापासून मुख्य लाइनपर्यंतचा पाइप घरमालकाचा, तो आधी तपासा. दादा संतापला होता, आणि ते स्वाभाविक होतं. सुमारे एक फूट घाण पाणी घरात शिरल्यावर कुणी शांतपणे पत्रव्यवहार करत बसत नाही. तरीही मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की कंपनीचं आणि गावाचं, दोघांचंही म्हणणं खरं असणार.

आत्याची वही

मी संध्याकाळी पोचलो तोवर पाणी आपोआप उतरत होतं. कुणी तार घातली नव्हती, पंप लावला नव्हता. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चोकअप आपोआप सुटत नाही. तुंबलेला पाइप थोडं थोडं सोडत राहतो, पण फूटभर पाणी दोन-तीन तासांत, पाऊस थांबल्यानंतर, कुणी हात न लावता निघून गेलं तर ते बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्याच्या पातळीबरोबर खाली गेलेलं असतं.

पण "बहुतेक वेळा"वर हजारो डॉलरचं काम ठरवता येत नाही. मला वेळा हव्या होत्या. त्या आत्याकडे मिळाल्या. ती दुधाचा, फोनचा, औषधांचा हिशोब एका वहीत लिहिते. त्यात पहाटेची नोंद होती: पाऊस सुरू. सव्वानऊला: मोरीत गुडगुड. दहा वाजता: पाणी जाळीच्या तोंडाशी. दहा वीसला: न्हाणीघरातही. दुपारी तिने जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून किती पायऱ्या बुडाल्या तेही लिहिलं होतं.

"अरे, कृष्णेचं पाणी दारातून येतं," ती म्हणाली. "आपल्याला आधी कळतं, आयर्विन पुलाची पातळी रेडिओवर सांगतात, सामान वर टाकायला वेळ मिळतो. हे जमिनीतून कसं आलं? आणि मशीनच्या वेळी आलं होतं तेव्हा साबणाचा वास होता. याला रस्त्याचा वास होता, मातकट."

आत्याने 2005 चा आणि 2019 चा पूर पाहिलेला आहे. तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती मी विचारल्यावर तिने सांगितली. सांगलीतही सखल गल्ल्यांत नदीचं पाणी घाटावरून यायच्या आधी नाल्यांमधून आणि गटारांमधून उलटं वर येतं. इथेही तेच झालं होतं. फक्त नदीच्या जागी रस्त्याखालची मुख्य वाहिनी होती आणि नाल्याच्या जागी दादाच्या घराचा सहा इंची पाइप.

वहीतल्या नोंदींवरून दोन घटना वेगळ्या झाल्या. एप्रिलची घरातल्या वापरामुळे होती: कोरडा दिवस, साबणाचं पाणी, थोडी खोली, एकच जाळी. जुलैची पावसामुळे होती: घरात एक थेंब न वापरता, मातकट पाणी, सगळ्या खालच्या तोंडांतून एकदम, आणि पाऊस थांबल्यावर आपोआप परत. गुडगुड ही मधली खूण. मुख्य वाहिनीतलं पाणी चढतं तेव्हा घराच्या पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या वाकात, साठलेल्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडते. पाणी यायच्या पाऊण तास आधी घराने सांगितलं होतं.

लेव्हल ट्यूब

मुख्य वाहिनीच भरून उलटली होती हे दाखवायला मला एक साधं काम करायचं होतं. शेजारच्या घरातही पाणी शिरलं होतं आणि भिंतीवर त्याची रेघ स्पष्ट उमटली होती. गवंडी ढाळ काढायला वापरतो तशी पारदर्शक नळी मी आणली, पाण्याने भरली, आणि दोन घरांच्या तळघरांच्या खिडक्यांतून ओढून घेतली. दादाच्या भिंतीवरची रेघ फरशीपासून 34 सेंटिमीटरवर होती, शेजाऱ्यांची 45 वर. त्यांची फरशी खाली होती. नळीतलं पाणी स्थिर झाल्यावर दोन्ही रेघा एका बोटाच्या फरकाने एकाच पातळीत निघाल्या.

स्वतंत्र पाइप, स्वतंत्र जाळ्या असलेली दोन घरं एकाच पातळीपर्यंत भरतात तेव्हा दोन्ही एकाच मोठ्या भांड्याला जोडलेली असतात. ते भांडं म्हणजे रस्त्याखालची वाहिनी. समोरच्या ओळीत एका घरात मात्र काहीच शिरलं नव्हतं. त्या घराचा सांडपाण्याचा पाइप तळघराच्या छताला टांगलेला होता. त्याकडे पुढे येतो.

दादा नळीकडे बराच वेळ पाहत राहिला. नंतर म्हणाला, "म्हणजे एप्रिलच्या माणसाची चूक नाही?"

"जुलैच्या पाण्यात नाही. पण कॅमेरा न घालता साफ झाली म्हणाला, ती त्याची चूक आहेच."

हे शहर असं का तुंबतं

शिकागो सपाट, दलदलीच्या जमिनीवर वसलं. 1850 च्या दशकात एलिस चेसब्रो या अभियंत्याने इथली गटारयोजना आखली तेव्हा उतार मिळावा म्हणून पाइप जवळजवळ जमिनीवर ठेवून रस्तेच उंच केले. तेव्हापासून जुन्या शहरात आणि लगतच्या उपनगरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच वाहिनीतून जातं. मुंबईत या दोन्हींच्या वाहिन्या वेगळ्या आहेत, निदान नकाशावर तरी. इथे त्या मुळातच एक. कोरड्या दिवशी वाहिनी तळाशी वाहते, मोठ्या पावसात काठोकाठ भरते आणि मग दाबाखाली जाते.

यावर उपाय म्हणून 1975 पासून जमिनीखाली खोल बोगदे खणले गेले. 2006 मध्ये पूर्ण झालेलं हे बोगद्यांचं जाळं सुमारे 175 किलोमीटरचं आहे. त्याला जोडून प्रचंड तळी आहेत. 2015 मध्ये सुरू झालेल्या थॉर्नटनच्या एका तळ्यात जवळपास 30 अब्ज लिटर पाणी मावतं. लोक हे ऐकतात आणि विचारतात, मग माझ्या तळघरात पाणी का? कारण बोगदा कितीही मोठा असला तरी गल्लीतल्या शंभर वर्षं जुन्या पाइपातून पाणी तिथवर पोचावं लागतं. ढगफुटीच्या तासाला अडचण गल्लीतल्या पाइपाची असते, आणि तो मोठा करणं कुणा एका घरमालकाच्या हातात नाही.

दादाचा बंगला 1920 च्या दशकातला, विटांचा. अशा घरांत तळघराच्या फरशीखालून ओतीव लोखंडाचा पाइप जातो, भिंतीबाहेर तो भाजक्या मातीच्या पाइपांना जोडलेला असतो. दोन-तीन फुटांचे तुकडे, सिमेंटने सांधलेले. शंभर हिवाळ्यांत जमीन गोठते, वितळते, सांधे तडकतात. त्या फटीतून ओल बाहेर येते आणि झाडाचं मूळ तिच्या दिशेने जातं. दादाच्या अंगणासमोर रस्त्याकडेला एक जुनं सिल्व्हर मेपल आहे. त्याच्या मुळांना पाण्याची ओढ मोठी.

कॅमेऱ्यात काय दिसलं

पाणी उतरल्यावर आठवड्याभराने परवानाधारक प्लंबरकडून कॅमेरा घालून घेतला. मी आग्रहाने समोर उभा राहिलो आणि रेकॉर्डिंग मागून घेतलं. घरमालकाने हे रेकॉर्डिंग मागायला अजिबात संकोच करू नये, पैसे त्याचेच असतात.

अकरा मीटरवर एका सांध्यात मुळांचा पडदा होता. एप्रिलमध्ये कापला होता तो तीन महिन्यांत पुन्हा पांढऱ्या तंतूंनी भरू लागला होता. पुढच्या सांध्यात पाइपाचा एक तुकडा दुसऱ्याच्या तुलनेत खाली सरकलेला, पायरी पडलेली. समोरच्या पायवाटेखाली साधारण दीड मीटरभर पाइप झोळीसारखा बसलेला, कॅमेरा तिथे पूर्ण पाण्याखाली गेला. अशा झोळीत पाणी कधीच पूर्ण निघत नाही, गाळ बसतो, कागद अडतो. रस्त्याकडच्या कडेला झाडाखाली आणखी एक लहान झोळी होती.

मागच्या अंगणात विटांचं जुनं कॅच बेसिन निघालं. स्वयंपाकघराचं पाणी आधी त्यात पडतं, वर तरंगणारी चरबी तिथे थांबते आणि पाणी पुढे जातं. झाकण उघडलं तर वीतभर पिवळट घट्ट थर. इथे मी वहिनींना एक गोष्ट सांगितली आणि ती सगळ्या मराठी घरांना सांगावीशी वाटते. आपलं तूप तिशी-पस्तिशीच्या तापमानाला वितळतं. इथल्या जमिनीखालचा पाइप हिवाळ्यात त्याहून कितीतरी थंड असतो. गरम पाणी सोडून तूप "वाहून" जात नाही, ते दहा फूट पुढे जाऊन थिजतं. भांड्याचं तूप आणि तळणीचं तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकायचं, मग भांडं घासायला घ्यायचं. कणकेच्या परातीचं धुवणही त्या थराला चिकटतं.

मग पन्हळी. घराच्या चार कोपऱ्यांतले चारही उभे पाइप जमिनीत जात होते. दादाला वाटत होतं ते "बाहेर कुठेतरी" सुटत असतील. मी एका पाइपात बागेची नळी सोडली, त्यात प्लंबरचा हिरवा रंग टाकला आणि क्लीनआउट उघडून बसलो. काही मिनिटांत हिरवं पाणी समोरून गेलं. चारही कोपरे तपासले, चारही सांडपाण्याच्याच पाइपात.

आकडा मांडून पाहू. छप्पर साधारण 110 चौरस मीटरचं. त्यावर 25 मिलिमीटर पाऊस पडला की 2,750 लिटर. 2 जुलैसारख्या 200 मिलिमीटरला 22,000 लिटर. हे सगळं मुळांनी निम्मा भरलेल्या सहा इंची पाइपातून, आधीच भरून उलटलेल्या वाहिनीकडे चाललं होतं.

झडप लावली की झालं, असं नाही

अशा वेळी पहिला सल्ला हमखास मिळतो: पाइपात नॉन-रिटर्न झडप बसवा. मुख्य वाहिनीचं पाणी उलटं आलं की पाकळी मिटते, घर कोरडं. दादाही तेच ठरवून बसला होता. सगळ्यात जास्त वेळ आम्ही याच मुद्द्यावर बोललो.

पाकळी मिटली की बाहेरचं आत येत नाही हे खरं. पण आतलंही बाहेर जात नाही. त्या वेळी वर कुणी फ्लश केला, आंघोळ केली, तर ते पाणी पाकळीमागे साचतं आणि सगळ्यात खालच्या तोंडातून, म्हणजे तळघराच्या जाळीतून वर येतं. आणि चारही पन्हळी त्याच पाइपात असतील तर? 2,750 लिटर दर इंचाला, आपल्याच छपराचं, आपल्याच तळघरात. पन्हळी न तोडता फक्त झडप लावलेली घरं मी पाहिली आहेत. स्वतःच्या छपराच्या पाण्यात बुडालेली. मालकाला शेवटपर्यंत वाटत राहतं की झडप बिघडली.

मी दादाला हाजी अलीचं उदाहरण दिलं. मुंबईत भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांतून शहरात शिरू नये म्हणून दरवाजे बंद करतात. पण दरवाजे बंद असताना पाऊस थांबत नाही. आत साचणारं पाणी समुद्रात फेकायला हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह इथे पंपिंग स्टेशनं बांधावी लागली. नुसता दरवाजा पुरत नाही, त्याच्यासोबत पंप लागतो.

"म्हणजे माझ्या बेसमेंटमध्ये हाजी अली बांधायचं?"

"लहानसं. आणि त्याच्याआधी छपराचं पाणी त्या नाल्यातून काढायचं."

आणखी एक स्वस्त पर्याय इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फरशीच्या जाळीत आट्यांचा उभा पाइप घट्ट बसवायचा, पाणी पाइपात चढतं पण फरशीवर येत नाही. ज्या तळघरात जाळीशिवाय दुसरं तोंडच नाही तिथे तो थोड्या पाण्यापुरता चालतो. दादाकडे खाली न्हाणीघर होतं, पाणी तिथून आलं असतं. शिवाय पाण्याचा प्रत्येक मीटर दर चौरस मीटरला एक टनाचा दाब देतो. शंभर वर्षांच्या फरशीखालच्या पाइपावर आणि सांध्यांवर तो दाब कोंडून ठेवणं मला मान्य नव्हतं.

जे काम केलं

क्रम महत्त्वाचा होता. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दादा आणि मी पन्हळीचे चारही उभे पाइप जमिनीच्या वर कापले, जमिनीतली तोंडं बुच मारून बंद केली, आणि पाणी भिंतीपासून दोन मीटर लांब हिरवळीवर सोडलं, शेजाऱ्याच्या बाजूला नाही. गावाची त्याला परवानगी होती, आधी विचारून घेतलं होतं. एका दिवसाचं काम आणि थोडा खर्च. पुढचे काही महिने बाकीचं काम सुरू व्हायची वाट पाहावी लागली. त्या काळात निदान स्वतःच्या छपराचं पाणी तरी या पाइपात पडत नव्हतं.

मग बाहेरचा पाइप. मुळांवर उपाय म्हणून पाइपाला आतून अस्तर चढवता येतं: राळेत भिजवलेली नळी आत घालून फुगवतात, ती कडक होते, सांधेच उरत नाहीत. पण अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेतं, झोळी तशीच राहते. म्हणून पायवाटेखालचा बसलेला भाग आणि पायरी पडलेला सांधा खणून काढला, तिथे नवा पीव्हीसी पाइप दर मीटरला सेंटिमीटरभर उतार ठेवून टाकला, आणि उरलेल्या लांबीला अस्तर चढवलं. जास्त उतार म्हणजे जास्त चांगलं, असं अनेकांना वाटतं. मुद्दा वेगाचा आहे. पाणी सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेगाने वाहिलं की गाळ सोबत घेऊन जातं, त्याखाली तो तळाशी बसतो.

मुख्य काम आतलं. समोरच्या कोरड्या घरात होती तशी रचना केली. वरच्या मजल्याचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचा पाइप फरशीखालून काढून तळघराच्या छताला टांगला. तो भिंतीतून जवळपास बाहेरच्या जमिनीच्या पातळीला बाहेर पडतो आणि मग खाली उतरून जुन्या लाइनला मिळतो. वाहिनीतलं पाणी आता घरात यायचं तर त्याला तेवढं चढावं लागेल, आणि त्याआधी ते रस्त्यावरच्या मॅनहोलमधून बाहेर सांडेल. तळघरातलं मशीन, न्हाणीघर आणि जाळी यांचं पाणी एका बंदिस्त खड्ड्यात जमा होतं. तिथला अर्धा अश्वशक्तीचा इजेक्टर पंप ते छताजवळच्या पाइपात चढवतो. खड्ड्याला स्वतंत्र व्हेंट, म्हणजे हवा बाहेर नेणारा पाइप, आहे, पंपाच्या वरच्या पाइपात नॉन-रिटर्न झडप आहे.

पायाभोवती झिरपणारं स्वच्छ पाणी आधी याच लाइनला जात होतं. ते वेगळ्या खड्ड्यात घेतलं आणि सम्प पंपाने अंगणात सोडलं. या पंपाला बॅटरीवरचा दुसरा पंप जोड म्हणून दिला, कारण मोठ्या वादळात वीज नेमकी तेव्हाच जाते. इजेक्टरला बॅटरी दिली नाही. वीज गेली की खालचं न्हाणीघर वापरायचं नाही, एवढा नियम पुरतो. दारावर वहिनींनी मराठीत पाटी लावली आहे.

फरशी फोडायच्या आधी परवाना काढला होता. पाइप बुजवायच्या आधी गावच्या निरीक्षकाने त्यात पाणी भरून चाचणी घेतली. या पायरीवर लोक घाई करतात आणि ती घाई मला कधीच पटली नाही. सिमेंट घातल्यावर गळका सांधा सापडत नाही.

तोवर घरात

या काळातली दुसरी बाजू तांत्रिक नाही, पण तीच दादा-वहिनींना जास्त आठवते. सांडपाणी मिसळलेलं पाणी लागलेली प्रत्येक सच्छिद्र वस्तू गेली: गालिचा, आत्याची गादी, पुठ्ठ्याच्या खोक्यांतली पुस्तकं, लग्नाचे काही फोटो. भिंतींचा जिप्समचा भाग पाण्याच्या रेघेच्या वरपर्यंत कापून काढला, कारण आत ओल राहिली तर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. पृष्ठभाग आधी साबणाने धुतले, मग सुमारे चार लिटर पाण्यात एक कप ब्लीच या प्रमाणाने पुसले, खिडक्या उघड्या ठेवून. अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर त्यात मिसळलं नाही, विषारी वायू होतो. पाण्यात बुडालेली भट्टी आणि गॅसवर चालणारी गरम पाण्याची टाकी तंत्रज्ञाने पाहीपर्यंत पेटवली नाही.

विम्याच्या बाबतीत धक्का बसला. साध्या घरविम्यात गटार उलटल्याचं नुकसान धरत नाहीत, त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. दादाने घेतलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कुक काउंटीसाठी, म्हणजे शिकागो ज्यात येतं त्या जिल्ह्यासाठी, केंद्र सरकारची आपत्ती-मदत जाहीर झाली, त्यात अर्ज केला, आत्याच्या वहीतल्या वेळा आणि भिंतीवरच्या रेघेचे मोजपट्टी धरून काढलेले फोटो जोडले. काही भरपाई मिळाली, सगळी नाही. आता कलम जोडलेलं आहे.

त्यानंतर

15 जुलै 2024 च्या रात्री मोठं वादळ आलं. वीज गेली. दादाने मध्यरात्री फोन केला. बॅटरीचा पंप अधूनमधून चालत होता, त्याचा आवाज फोनवर येत होता. जाळी कोरडी. मी विचारलं, गुडगुड? "नाही." इजेक्टरच्या खड्ड्यात पाणी नव्हतं कारण खाली कुणी काही वापरलं नव्हतं. सकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या घरासमोर ओले गालिचे पडलेले दिसले.

पूर्ण बरं झालं असं मी म्हणत नाही. रस्त्याकडच्या झाडाखालची लहान झोळी तशीच आहे. ती काढायची तर मेपलची मोठी मुळं तोडावी लागली असती आणि झाड गावाचं. अस्तरामुळे मुळं आत येणार नाहीत, पण त्या जागी थोडं पाणी उभं राहणारच. म्हणून दर दोन वर्षांनी कॅमेरा, दर एप्रिलला कॅच बेसिनचा थर काढणं, आणि बादलीभर पाणी ओतून दोन्ही पंप सुरू होतात का पाहणं. बॅटरीचं आयुष्य काही वर्षांचंच असतं, तिच्या अंगावर बसवल्याची तारीख खडूने लिहिली आहे.

यंदा आत्या पुन्हा आली तेव्हा दादाने तिची खोली वरच्या मजल्यावर तयार ठेवली होती. तिने ऐकलं नाही. खाली गारवा असतो म्हणाली, आणि नवीन वही घेऊन जिना उतरली.